मुंग्यांसाठी हळद

आक्का, तुझ्या दिव्याला आज मुंग्या लागल्या.

सास्तूरच्या घरात, तू ज्या कोपऱ्यात शेवटची झोपलीस तिथं, पिठावर दिवा ठेवलाय. सकाळी बघतो तर उंबऱ्यापासून एक बारीक काळी रांग त्या पिठाकडं निघालेली. शेजारची शांतावहिनी म्हणाली, "पिठाला येत्यातच भाऊजी," आणि केरसुणी आणायला उठली. मी म्हणालो, थांबा. का थांबा म्हणालो ते तिला कळलं नाही. तुला कळलं असतं. तू कमरेवर हात ठेवून म्हणाली असतीस, "काय सोलापूरकर, सुचतंय का कायतरी?"

तू मला सोलापूरकर का म्हणायचीस, हे आपल्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या बायकोला, विमलला, वाटायचं, मला सोलापुरी चादरींचं वेड आहे म्हणून. मुलांना वाटायचं, हे आत्याचं काहीतरी जुनं चिडवणं. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. तूही केलं नाहीस, पण दर भेटीला तेवढा एक शब्द माझ्या अंगावर टाकून बघत राहायचीस, की आज तरी हा तोंड उघडतोय का.

तू गेल्यावर माणसं आली. तुझ्या कष्टांबद्दल बोलली. खडी फोडली, भावाला शिकवलं, भूकंपात पडलेलं घर पुन्हा उभं केलं. सगळं खरं. मी मान डोलावत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र टेबलं होती. ढोकीच्या साखर कारखान्याच्या कॉलनीतली, कँटीनमधून उचलून आणलेली, पाय डुगडुगणारी लांब टेबलं. माझ्या लग्नाच्या स्वागतसमारंभाची. आयुष्यात मी बरंच काही बघितलं असेल, पण डोळे विस्फारून उभं राहावं असं फार थोडं. त्यात ती टेबलं पहिली. म्हणून तुझ्याबद्दल लिहायचं तर मला तिथूनच सुरुवात करावी लागते.

विमलच्या वडिलांची अट तुला आठवत असेल. लग्न लातूरला त्यांच्या दारात, आणि दुसऱ्या दिवशी स्वागतसमारंभ आपल्याकडं. पण पंगत नको, टेबल-खुर्ची हवी. कारखान्यात नोकरीला असलेल्या जावयाला एवढं जमायला हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्या चुलत्यांना, तात्यांना, ही अट सांगितली तेव्हा ते अडकित्ता थांबवून म्हणाले, "जेवायला टेबल? मंग झोपायला काय, कपाट?"

सगळे हसले. तू हसली नाहीस. तू विचारात पडलीस. आणि थोड्या वेळानं जे बोललीस ते मी पुढं कितीतरी लग्नांत, कितीतरी टेबलांवर बसून आठवत आलोय.

"पंगतीत मानूस आपल्या पत्रावळीकडं बघतंय, तात्या. टेबलावर बसलं की समोरच्याच्या तोंडाकडं बघावं लागतंय. मंग दोघांच्या मधी कायतरी बघण्यासारखं नको का? न्हायतर बसतील एकमेकांचे दात मोजत."

ते वर्ष बहात्तरच्या दुष्काळासारखं नव्हतं, पण पावसानं तेव्हाही हात आखडता घेतला होता. ज्वारी गुडघ्याला येऊन थांबलेली, गव्हाच्या ओंब्या बोटाएवढ्या. आपल्या भागात त्या साली फुलं नव्हतीच. सोलापूरच्या बाजारातून आणायची तर माझ्या पगाराच्या आवाक्यात नव्हती. मी म्हणालो, राहू दे, नुसती टेबलं मांडू. तू म्हणालीस, "म्या करते. पण माझा एक कायदा हाय. टेबलावर जे मांडंल ते नंतर कुनाच्या ना कुनाच्या तोंडात गेलं पायजे. मानसाच्या न्हायतर जनावराच्या."

कॉलनीतल्या लोकांना तो कायदा चमत्कारिक वाटला. मला नाही वाटला, कारण तो कुठून आला ते मी बघितलं होतं. बहात्तरला तू नुकतीच पांढऱ्या कपाळानं आपल्या घरी परत आली होतीस. सोबत एक गाय, आणि सासरी स्वतःच्या हातानं विणलेलं ज्वारीच्या कणसांचं तोरण. वैरण संपली तेव्हा आपण छपराचा कडबा उपसून गाईपुढं टाकला. घरावर सरळ आभाळ आलं. मग एके दिवशी तू खुंटीवरचं ते तोरणही काढलंस. त्यात बारीक बारीक पोपट होते, कणसांच्या काड्यांचे. एकेक पोपट सोडवून तू गाईच्या तोंडात दिलास. मी तेव्हा शाळेत शेवटच्या वर्षाला. मला वाटलं, आता ही रडणार. तू गाईच्या हलणाऱ्या जबड्याकडं बघत म्हणालीस, "सोभेचं व्हतं. कामाला आलं."

गाय जगली. तोरण पुन्हा कधी तू विणलं नाहीस. माझ्या लग्नापर्यंत.

लग्नाच्या आधी आठवडाभर माझ्या क्वार्टरच्या ओट्यावर तू ठाण मांडलंस. कडब्याची ताटं सोलून वरच्या चिवट साली एकीकडं, आतलं पांढरं भेंड एकीकडं. लहानपणी याच भेंडाच्या बैलगाड्या तू मला करून द्यायचीस. मला वाटलं, तसलंच पोरखेळाचं काहीतरी होईल. तू भेंडाच्या पातळ चकत्या पाडल्यास, सालीच्या काड्यांवर एकेक ओवल्यास, मधोमध करडईच्या वाळलेल्या केशरी पाकळ्या खोवल्यास. आणि ते फूल झालं. कुठलं, ते मला आजही सांगता येत नाही. शेवंती नव्हे, कमळ नव्हे. ज्वारीला जर फूल येत असतं तर असं आलं असतं, एवढंच म्हणता येईल. मी एक हातात घेऊन बघत राहिलो तर ओरडलीस, "ठेव खाली. नवरदेवानं काम करू न्हाय, नुसतं मिरवावं."

टेबलक्लॉथचा प्रश्न आला. तू सगळ्या पाहुण्या पुरुषांना निरोप धाडलास, हळदीला येताना एक धुतलेलं धोतर जास्तीचं आणा. कुणाला वाटलं आंघोळीसाठी, कुणाला वाटलं आहेरासाठी. एकेका टेबलाला एकेक धोतर बरोबर पुरलं, आणि दोन्ही बाजूंनी काठ असे सरळ खाली उतरले की जणू टेबलासाठीच विणलेत.

इथं थांबतो, आक्का. आता हळदीचं लिहायचंय.

सास्तूरला दारात मांडव होता. मी पाटावर बसलेलो. सवाष्णी हळद लावायला जमलेल्या, थोरल्या काकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, सगळ्यांना बोलावत होत्या. तू आतून ताट घेऊन आलीस. तू हळदीचं बोट लावायला आली होतीस की नुसतं ताट द्यायला, मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही कधी. काकू म्हणाल्या, "गोदे, ताट ठेव हितं. तू आत भाकरी बघ जा." आवाजात राग नव्हता. पाऊस नाही म्हणून सांगावं तसं सांगितलं. तू ताट ठेवलंस. तुझी पावलं माझ्या पाटासमोर थोडी थांबली. पायांच्या भेगा मला दिसत होत्या. मी मान वर केली असती तर तुझा चेहरा दिसला असता. मी मान वर केली नाही. पावलं वळली.

मला लहानाचं मोठं केलेल्या बाईनं मला हळद लावली नाही. जमलेल्यांत कुणाला हे खटकलं नाही, आणि ज्याला खटकलं तो पाटावर खाली मान घालून बसला होता.

लातूरला लग्नाला तू आलीच नाहीस. "समदेच गेले तर टेबलं कोन करील?" म्हणालीस. मी आग्रह केला नाही. मला ते सोयीचं वाटलं, हेही आज लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरीला घेऊन आम्ही ढोकीला पोहोचलो. बायका विमलला घेऊन क्वार्टरमध्ये गेल्या आणि मी कॉलनीच्या हॉलकडं धावलो. दारातच थबकलो. टेबलांवर धोतरं अंथरलेली, आणि प्रत्येक टेबलाच्या मधोमध हातभर उसाची कांडी उभी केलेली. वरच्या टोकाला सळईनं भोकं पाडून त्यांत तुझी फुलं, गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे डहाळे. कांडीच्या बुडाशी बोरांचा ढीग. जिथं आम्ही नवराबायको बसणार तिथं मागं उसाच्या शेंड्याकडल्या हिरव्या पानांचा, वाढ्यांचा पंखा, मोर पिसारा उभारून उभा राहावा तसा.

आणि सगळं हलत होतं.

मला आधी वाटलं माझे डोळे जागरणानं तसे झालेत. जवळ गेलो तर मुंग्या. कांड्या काळ्या झालेल्या. धोतरांच्या काठावरून रांगा चढताहेत, उतरताहेत. साखर कारखान्याच्या कॉलनीत राहणाऱ्या आपण शहाण्या माणसांनी तोडलेला, भोकं पाडलेला ऊस रात्रभर उघड्यावर शोभेला ठेवला होता. दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक झाली नसती. आपल्याला उसाची इतकी सवय, की तो गोड असतो हेच विसरलो होतो.

तू एका टेबलाच्या पायाशी जमिनीवर बसली होतीस. गुडघ्यांवर हात, नजर टेबलाकडं. मी ओरडलो असेन तुझ्यावर. नक्की ओरडलो. "फेकून दे हे सगळं! आता पाहुणे येतील. माझी इज्जत घालवलीस तू!"

तू माझ्याकडं बघितलंससुद्धा नाही. म्हणालीस, "गप. इचार करू दे."

मग उठलीस. एकेक कांडी बाहेर नळाखाली नेऊन झटकलीस, धुतलीस, पुसलीस. धोतरं झाडलीस. पण रांगा परत येणारच होत्या, सगळ्या हॉलची वाट त्यांना माहीत झाली होती. तू तडक क्वार्टरवर गेलीस आणि थोरल्या काकूंच्या ट्रंकेतून एक डबा काढून पदराखाली घेऊन आलीस. मागून काकू धापा टाकत. मला अजून त्यांचा आवाज ऐकू येतो.

"अगं गोदे! ती लग्नाची हळद हाय! उरल्याली हळद हाय ती नवरदेवाची, तू काय हात लावतीस तिला!"

तू डब्याचं झाकण काढलंस. चिमूट भरून घेतलीस. पहिल्या टेबलावर वाकलीस आणि उसाच्या कांडीभोवती, धोतराच्या पांढऱ्यावर, मनगट न उचलता एक गोल काढलास. पूर्ण. सुरुवात कुठं, शेवट कुठं, शोधूनही सापडू नये असा. मग काकूंकडं वळून म्हणालीस,

"मुंग्यांसाठी हाय, काकू. मुंग्यांना काय सवाशीनच लागती व्हय?"

दारात उभे असलेले तात्या आधी खोकले, मग हसायला लागले, आणि हसता हसता टेबलाकडं बोट दाखवून म्हणाले, "आरं, हे तर माझं धोतर!" त्यावर काकूंनी आपला सगळा राग तात्यांवर काढला, आणि तू तेवढ्यात दुसऱ्या टेबलाकडं गेलीस.

मी तुला एकामागून एक गोल काढताना बघत होतो. तुझा तपकिरी पातळाचा पदर खांद्यावर खोचलेला, डाव्या हातात डबा. घाई होती, पण हाताला नव्हती. मला तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की मुंग्यांचा प्रश्न सुटला. रांग गोलापाशी यायची, गोंधळायची, वळायची. तू त्या हळदीनं दुसरं काय करत होतीस, ते कळायला मला म्हातारं व्हावं लागलं. जी हळद तुझ्या हातून माझ्या अंगाला लागू दिली नव्हती, ती तू माझ्या लग्नाच्या प्रत्येक टेबलावर मांडलीस. माझ्या सगळ्या पाहुण्यांच्या ताटांच्या मधोमध. शेवटचा गोल नवराबायकोच्या टेबलावर काढलास तेव्हा बोटांना जी उरली होती ती तू माझ्याकडं बघत पदराला पुसलीस. मी जर त्या वेळी गाल पुढं केला असता, आक्का! एवढंच करायचं होतं.

पाहुणे आले. खिडक्यांतून उन्हं टेबलांवर पडली होती. पांढरी धोतरं, त्यांवर पिवळे गोल, गोलांतून वर उठलेल्या जांभळट कांड्या आणि त्यांच्या डोक्यावर ती नाव नसलेली फुलं. माणसं बोलत बोलत आत यायची आणि बोलायची थांबायची. विमलच्या आईनं बसायच्या आधी टेबलाला नमस्कार केला. आपला कारखान्यातला बॉयलरवाला रहिमानभाई हात पुढं करून पुन्हा मागं घेत म्हणाला, "क्या बात है! हात लगाने को डर लगता." लातूरकरांची पोरं बोरं खायला टपली होती, त्यांनासुद्धा थोडा वेळ दम निघाला. त्या वर्षी बाहेर जिकडं बघावं तिकडं माती होती, आणि आत टेबलांवर शेत उभं होतं. खुरटलेली ओंबी, सोललेलं कडब्याचं ताट, जनावराचा चारा. ज्याच्याकडं त्या साली कुणी मान वळवून बघत नव्हतं, ते तू असं मांडलंस की माणसं चपला काढून आत आली. कुणी सांगितलं नव्हतं चपला काढायला.

विमलचे पुण्याचे मामा होते. टाय लावून आलेले. त्यांनी कांडीभोवतीच्या गोलाकडं वाकून बघितलं आणि मला विचारलं, "जावईबापू, डेकोरेशन कुणाचं हो? फारच ओरिजिनल आहे. आणि हळदीचं वर्तुळ, वा! शुभसूचक."

तू तिथंच होतीस. पाण्याचा जग घेऊन, माझ्या खुर्चीच्या मागं.

मी म्हणालो, "सोलापूरहून माणूस बोलावला होता."

किती सहज म्हणालो. मामांनी मान डोलावली. विमलनं माझ्याकडं कौतुकानं बघितलं. नवऱ्यानं आपल्यासाठी सोलापूरहून माणूस आणला म्हणून. मागं पाणी पेल्यात पडत असल्याचा आवाज आला. तो मध्येच थांबला नाही. पेला भरला, आणि तू पुढच्या टेबलाकडं गेलीस.

यावर मी माझ्यापाशी बरीच वर्षं एक सबब जपून ठेवली होती. की तुझं नाव सांगितलं असतं तर हळदीचं निघालं असतं, विधवेच्या हातची हळद म्हणून लातूरकरांनी नाक मुरडलं असतं, तुझ्यावरच बोल आला असता. म्हणून मी तुला वाचवलं. सबब चांगली होती. खोटी होती. खरं असं की टाय लावलेल्या माणसासमोर, तपकिरी पातळातल्या, भेगाळल्या पायांच्या बाईकडं बोट दाखवून ही माझी बहीण म्हणायला माझी जीभ वळली नाही. हळदीचा विचार मला नंतर सुचला.

समारंभ संपला आणि तुझा कायदा सुरू झाला. बोरं आणि हरभरे पोरांनी संपवले. उसाच्या कांड्या ज्यानं त्यानं उचलून दातांनी सोलल्या. मामांनीही टाय खांद्यावर टाकून एक सोलली. मोराचा पिसारा आणि भेंडाची फुलं ऊसतोड्यांच्या बैलांपुढं गेली. विमल ती फुलं जपून ठेवायला मागत होती. तू म्हणालीस, "न्हाय वैनीबाय. बैल बगत्यात वाट." मी ऊसतोड्यांच्या तळावर तुझ्यामागं आलो होतो. तू एकेक फूल बैलाच्या तोंडात देत होतीस, बहात्तरला तोरणातले पोपट दिलेस तसं. पण त्या वेळी तू गाईशी बोलली नव्हतीस आणि या वेळी बैलांशी बोलत होतीस. "खा. लगीन हाय घरचं. माझ्या भावाचं."

धोतरं ज्याची त्याला परत गेली. तात्यांच्या धोतरावरचा गोल काकूंनी साबणानं घासला तो पिवळ्याचा लाल झाला. तू सांगितलं होतंस, नुसतं उन्हात टाका, पण तुझं ऐकतंय कोण? तात्या पुढं कितीतरी दिवस तेच नेसून चावडीवर बसायचे. कुणी विचारलं तर माझं नाव घेऊन म्हणायचे, "वशाच्या लग्नाचा शिक्का हाय."

तुझ्या नावाचा पुरावा एवढाच उरला. आणि एक फोटो. काळापांढरा. त्यात मी आहे, विमल आहे, मामा आहेत, टेबलावर गोल आहे. उजव्या कडेला एक जग आणि तो धरलेला हात. मनगटापर्यंत.

पुढं सोलापूरची गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. विमलनं ती मायेनं वाढवली. प्रत्येक लग्नात, कागदी फुलं बघितली की म्हणायची, "आमच्या वेळी ह्यांनी सोलापूरहून माणूस बोलावला होता, काय सजावट होती ती!" तुझ्यासमोरही म्हणायची. आणि तू तोंडात पान घोळवत, माझ्याकडं एकटक बघत म्हणायचीस, "व्हय व्हय. लई भारी व्हती." मला घाम फुटायचा. तुला त्यात गंमत वाटायची की दुखायचं, ते मला कधी उमगलं नाही. दोन्ही असेल.

भाऊबीजेला तू ओवाळायचीस आणि ताटात मी टाकलेलं पाकीट परत माझ्या खिशात कोंबायचीस. "हे नगं. माझी ओवाळणी तुला ठावं हाय." गेल्या दिवाळीत, विमल स्वयंपाकघरात असताना, आपलं शेवटचं भांडण झालं. मी म्हणालो, "आता कशाला जुनं उकरायचं आक्का? ती नाराज होईल. इतकी वर्षं झाली."

"मला गावात मिरवणूक नको काढू," तू म्हणालीस. "तिला एकटीला सांग. त्या दिवशी म्या तिच्या ताटापुढं हळद मांडली, हे तिला ठावं व्हऊ दे. नवरीला ठावं नको का कुनी मांडली?"

"बघू," मी म्हणालो.

"बघ," तू म्हणालीस. "म्या हाय अजून."

त्या 'अजून'ला मी पुढच्या दिवाळीपर्यंत धरून बसलो असतो. तू थांबली नाहीस.

तर आज सकाळी मुंग्यांची रांग दिव्याकडं निघाली. शांतावहिनी केरसुणी घेऊन आली आणि मी म्हणालो, "हळदीचा डबा द्या." तिला वाटलं मला काही लागलं-खुपलं. डबा दिला. मी गुडघ्यांवर बसलो. आता बसायलाही भिंतीचा आधार लागतो. चिमूट भरली आणि दिव्याभोवती, पिठाच्या बाहेरून, हळद सोडायला लागलो.

"अवं भाऊजी!" वहिनी दचकली. शेवटी सून कुणाची, थोरल्या काकूंचीच. "हळद कशाला? गोदाक्का सवाशीन न्हवत्या. त्यांच्या दिव्याला हळद कोन घालतंय?"

तुझं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. मुंग्यांसाठी. एवढं म्हटलं असतं तर वहिनी गप्प बसली असती आणि काम झालं असतं. शब्द अगदी ओठांवर आला. आणि मला कळलं की मी पुन्हा तेच करतोय. तू मुंग्यांच्या आड उभी राहिलीस कारण तुला दुसरी जागाच ठेवली नव्हती. मला त्या आड लपायचं काय कारण?

विमल दारात होती, पाण्याचा तांब्या घेऊन. मी तिच्याकडं बघून म्हणालो, "सोलापूरहून कुणी आलं नव्हतं."

तिला काही कळेना. मग मी सांगितलं. धोतरं, भेंड, ऊस, मुंग्या, काकूंची ट्रंक. मामांनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं, आणि जग घेऊन मागं कोण उभं होतं. वहिनी केरसुणी हातात घेऊन ऐकत राहिली. विमल उंबऱ्यावरच बसली.

तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, "मी त्यांच्या तोंडावर सांगत होते ती गोष्ट. इतकी वर्षं."

"हो."

"आणि त्या म्हणायच्या, लई भारी व्हती."

"हो."

मला वाटलं आता ती मला बोलेल. बोलायला हवं होतं. कदाचित नंतर बोलेल. ती उठली, माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझ्या हातातून डबा घेतला. गोल अर्ध्यावर तुटला होता, एका बाजूला फुगला होता. जिथं तुटला होता तिथं तिनं चिमूट सोडली आणि तो पुरा केला. मग हळद उरलेलं बोट क्षणभर तसंच धरलं, आणि दिव्याच्या मागं, भिंतीला टेकवून ठेवलेल्या तुझ्या फोटोच्या कपाळाला लावलं. शांतावहिनीनं केरसुणी कोपऱ्यात ठेवून दिली.

मुंग्या गोलापाशी आल्या, थोड्या गोंधळल्या आणि वळल्या. आम्ही तिघंही बघत होतो.

तुझ्यासारखा जमला नाही, आक्का. सुरुवात कुठं आणि शेवट कुठं, ते लगेच दिसतंय.